आजीच्या गालाला रफू

फोटो स्टुडिओच्या काउंटरवर प्लास्टिकच्या पिशवीतून एक फ्रेम निघाली. मागचा पुठ्ठा वाळवीने खाल्लेला, काचेच्या आत बुरशीचे ठिपके आणि मधोमध खुर्चीत ताठ बसलेली एक आजी. नाकात नथ, कपाळावर गोंदण, डावा गाल मात्र जवळजवळ गायब. नातवाचं म्हणणं एवढंच, "जरा नवा करून द्या. बाबांच्या पंचाहत्तरीला लावायचाय." असं म्हणत तो फोटो काचेपासून सोडवायला लागला आणि स्टुडिओवाले ओरडलेच, "अहो, ओढू नका! आजी काचेवरच राहतील!"

तसं खरंच होतं. कारण जुन्या कृष्णधवल फोटोतला चेहरा कागदावर नसतोच. तो असतो कागदावरच्या जिलेटिनच्या पातळ थरात. जिलेटिन म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून काढलेला पदार्थ, ज्याने जेली थिजते तो. पावसाळी दमट हवेत हा थर पाणी पितो, फुगतो, मऊ होतो आणि समोरच्या काचेला चिकटून वाळतो. ओढलात की थर काचेकडे, कोरा कागद तुमच्या हातात. म्हणून असा फोटो काचेसकट स्कॅन करायचा.

या थरात मग चित्र कशाचं असतं? चांदीचं! मग ते काळं का? स्वयंपाकघरातली भांडी घासायची तारेची घासणी आठवा. स्टील तेच, पण डब्यासारखं लखलखत नाही, काळपट दिसतं, कारण तारांच्या गुंत्यात शिरलेला प्रकाश सहज बाहेर पडत नाही. फोटोतली चांदीही अशाच अतिसूक्ष्म तंतूंच्या गुंत्यात असते. आजीच्या डोळ्यांतली बाहुली म्हणजे चांदीच्या असंख्य इवल्याशा घासण्या.

इथे मला मोहरीची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. एका जिलेटिनचे फोटो झटपट उठायचे, दुसऱ्याचे रेंगाळायचे. असं का, हे कळेना. 1920च्या दशकात कोडॅकमधल्या सॅम्युअल शेपर्डने छडा लावला. ज्या जनावरांपासून जिलेटिन केलं, त्यांनी चरताना मोहरीच्या कुळातल्या वनस्पती खाल्ल्या होत्या, आणि मोहरीला झणका देणाऱ्या गंधकयुक्त द्रव्याचा अंश जिलेटिनमध्ये उतरला होता. तेवढ्याने प्रकाशाची जाण वाढत होती. गाईने काय खाल्लं, यावर फोटो किती चटकन उठणार हे ठरत होतं!

आता फ्रेम जरा तिरकी धरा. कडेच्या काळ्या भागावर निळसर, आरशासारखी झाक दिसते ना? दमट, दूषित हवेत चांदीचे कण विरघळल्यासारखे होतात, जिलेटिनमधून सरकत पृष्ठभागावर येतात आणि तिथे पुन्हा चांदी होऊन बसतात. म्हणजे आजीच्या काठापदरातली थोडी चांदी इतक्या वर्षांत चालत वर आली.

रंगीत फोटोचं दुखणं वेगळं. सत्तर-ऐंशीच्या दशकातले लग्नाचे अल्बम उघडा : नवरा लाल, नवरी लाल, भटजीबुवाही लाल. त्या कागदांत चांदी उरत नाही. सायन, किरमिजी आणि पिवळा, असे तीन रंगद्रव्यांचे थर असतात. त्या काळच्या पुष्कळ कागदांत कपाटाच्या अंधारातसुद्धा निळसर सायन आधी विटायचा. पण विटला म्हणजे पूर्ण गेला असं नाही. संगणक तिन्ही रंग वेगळे करतो, तेव्हा त्या मलूल थरातही उजेड-सावलीचा बारीकसा फरक शिल्लक सापडतो. तो ताणायचा, की मांडवाची हिरवी पानं परत येतात! पण कणीक थोडी आणि पोळी मोठी लाटायची म्हटलं की भोकं पडणारच. म्हणून जाणकार स्कॅन करतानाच जास्त कणीक घेतात. साध्या 8 बिटच्या स्कॅनमध्ये प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या असतात, 16 बिटमध्ये 65,536.

पण आजीचा गाल? तिथे ताणायला काहीच नाही.

तर तो बाजूच्या कातडीतून आणायचा. फोटोशॉपमधलं क्लोन हत्यार ठिगळ लावतं : इथला तुकडा उचल, तिथे चिकटव. उजवा गाल उलटा करून डावीकडे लावला, तर खिडकीकडच्या गालाचा उजेड सावलीतल्या गालावर येतो आणि आजी दोन माणसांची जोडून केल्यासारखी दिसते. 2002 साली फोटोशॉप 7 मध्ये हीलिंग ब्रश आला, आणि तो चक्क रफू करतो. चांगला रफूगर त्याच कापडाच्या लपलेल्या कडेतून धागा काढतो आणि आजूबाजूच्या विणीत मिसळून टाकतो. हा ब्रशही कातडीचा पोत एकीकडून घेतो, पण उजेड किती हे भोकाच्या कडेला विचारतो आणि कडेपासून आतपर्यंत हळूहळू मुरवत नेतो. तापलेल्या पत्र्यावर कडेची उष्णता आत कशी पसरून स्थिरावते, हे सांगणारी समीकरणं याच गणिताच्या भावकीतली. पत्रा तापवायचं गणित आणि आजीचा गाल, यांचं नातं कुणी जुळवलं असतं का?

"एआयने एका मिनिटात होतं म्हणे," नातू म्हणाला. स्टुडिओवाल्यांनी वाद न घालता करून दाखवलं. गाल भरला, पापण्या मोजता येतील इतक्या रेखीव झाल्या. नातू बघत राहिला. "छान आहे... पण ही कोण?" गोंदण नाहीसं झालं होतं. बुरशीचा डाग समजून पुसलं गेलं बहुतेक. आणि गाल आला होता परक्यांकडून. फ्लिकर या फोटोंच्या संकेतस्थळावरून गोळा केलेल्या 70,000 चेहऱ्यांचा एक संग्रह चेहरे दुरुस्त करणाऱ्या अनेक मॉडेलांच्या शिकवणीला वापरला गेलाय. गाल साधारण कसा असतो, हे त्यांना पक्कं ठाऊक. या आजीचा कसा होता, हे कसं ठाऊक असणार? मला विचाराल तर पार्श्वभूमीच्या भिंतीला एआय खुशाल वापरावं. चेहऱ्याला रफूच बरं.

चार दिवसांनी गाल झाला, गोंदण जागेवर राहिलं. आता नातवाला फोटो रंगीत हवा होता. पण करड्या छटेतून रंग कसा ओळखायचा? लाल आणि हिरवं दोन्ही तितकंच करडं उमटू शकतं. पूर्वीच्या कित्येक प्लेटा-फिल्मना तर लाल रंग दिसतच नसे, आणि लालभडक कुंकू काळं उमटायचं. लुगड्याचा रंग त्या चांदीत नव्हताच. तो असलाच तर कुणाच्या तरी आठवणीत.

नातवाने तिथूनच मोठ्या आत्याला फोन लावला. आत्या म्हणाली, अंजिरी. मग बाबांना लावला. बाबा म्हणाले, हिरवं, मला पक्कं आठवतंय. पुन्हा आत्याला लावला, तर ती चिडली, "तो तेव्हा पाळण्यात होता!"

"कृष्णधवलच ठेवा," नातू म्हणाला आणि पैसे काढायला लागला.