झोपलेला नव्हे, केव्हाच विझलेला

मे महिन्यात पारा ४३च्या वर गेला की सोलापुरात एक शोध दरवर्षी नव्याने लागतो: शहराखाली ज्वालामुखी झोपलाय, म्हणून इथं एवढं भाजतं. रिक्षात, कट्ट्यावर, व्हॉट्सॲपवर आणि दुर्दैवाने शिकल्यासवरल्या माणसांच्या गप्पांतही हे छातीठोकपणे सांगितलं जातं. पुरावेही तयार असतात: काळा दगड ज्वालामुखीचा आहे, किल्लारीला भूकंप झाला, बोअरचं पाणी कोमट लागतं. गंमत म्हणजे हे तिन्ही मुद्दे खरे आहेत. त्यांवरून काढलेला निष्कर्ष तेवढा साफ चुकीचा आहे.

आधी उन्हाचं बघू. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी किल्लारी परिसरात जमिनीत खोल छिद्रं पाडून खालून किती उष्णता वर येते ते मोजलं. दर चौरस मीटरला सुमारे ४३ मिलिवॉट भरली. जुन्या, थंड झालेल्या भूभागांत असते तेवढीच. याच एक चौरस मीटरवर मे महिन्याच्या भर दुपारी सूर्य जवळपास १,००० वॉट ओततो. म्हणजे वरून येणारी उष्णता खालच्या उष्णतेच्या वीस हजार पटींहून जास्त! सोलापूर समुद्रापासून लांब आहे, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे, हवा कोरडी, झाडी विरळ. ऊन समजायला एवढं पुरेसं आहे, त्यासाठी पाताळात उतरायची गरज नाही.

आता काळा दगड. तो लाव्हाचाच, यात वाद नाही. पण तो वाहिला सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, डायनासोरांच्या अखेरच्या काळात. शिवाय चित्रात असतो तसा तोंडातून धूर सोडणारा एखादा डोंगर नव्हता. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यांतून पातळ लाव्हा पसरला, थिजला, पुन्हा पसरला. यातला बहुतेक लाव्हा दहा लाख वर्षांच्या आतच बाहेर पडला, असं खडकांचं वय मोजणारे सांगतात. आज उरलेलं दख्खनचं पठार सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरचं आहे.

ज्याला हे डोळ्यांनी बघायचंय त्याने जिल्ह्यातल्या एखाद्या खोल, न बांधलेल्या विहिरीत डोकवावं. वर काळी माती, ती याच दगडाची झिजून झालेली. मग मुरूम. त्याखाली भोकाभोकांचा, पांढऱ्या ठिपक्यांचा मांजऱ्या. ती भोकं म्हणजे लाव्हातल्या वायूचे बुडबुडे. थिजल्यावर त्यांत पाण्यातून खनिजं साठत गेली, तेच पांढरे ठिपके. खाली टणक काळा पाषाण, सुरुंग लावल्याशिवाय न हलणारा. आणि मधेच कुठं कुठं विटेसारखा लाल पट्टा दिसतो. एक थर पसरून थिजल्यावर बराच काळ काही घडलं नाही, पृष्ठभाग उन्हापावसात कुजला, मग त्यावर पुढचा लाव्हा आला, असं हा लाल पट्टा सांगतो.

या थरांना तळ आहे, हे मात्र कुणी सांगत नाही. किल्लारीला ६१७ मीटर खोल छिद्र घेतलं तेव्हा ३३८ मीटरवर बेसॉल्ट संपला. त्याखाली आठ मीटर जुना गाळ लागला आणि मग सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वीचा पाया. खदखदणारी टाकी-बिकी काही नाही. लाव्हा पुरवणारी ती खोलातली चूल जिथं होती तिथंच राहिली आणि आपण तिच्यावरून सरकून उत्तरेला आलो. बहुतेक भूशास्त्रज्ञांच्या मते तिचा माग लक्षद्वीप, मालदीव असा समुद्रातून दक्षिणेकडे जातो आणि हिंदी महासागरातल्या रेयुनियों बेटावर संपतो. तिथला ज्वालामुखी आजही वरचेवर उफाळतो. सोलापूरपासून तो साडेचार हजार किलोमीटरहून लांब आहे.

‘मग किल्लारी?’ हा प्रश्न हमखास येतो. भारतीय भूपट्ट उत्तरेला हिमालयाशी रेटारेटी करतोय. त्या दाबाने जुन्या पायातली एखादी कमजोर भेग सरकते आणि भूकंप होतो. किल्लारीला तेच झालं. ११ डिसेंबर १९६७च्या कोयनेच्या भूकंपात जलाशयाच्या पाण्याचाही हात होता. ज्वालामुखीचा हात दोन्हीकडे नव्हता. लाव्हा वर येऊ लागला तर जमीन फुगते, छोट्या धक्क्यांची रांग लागते, गंधकाचे वायू सुटतात. ही सगळी लक्षणं एकत्र आपल्याकडे दिसत नाहीत.

बोअरचं पाणी? खोलीला दर किलोमीटरमागे तापमान साधारण २५ अंशांनी वाढतं, पृथ्वीवर बहुतेक ठिकाणी. सहाशे फुटांवर हिशेब चार-पाच अंशांचा होतो. डिसेंबरच्या पहाटे त्या पाण्यातून वाफ निघताना दिसते, ती थंड हवेमुळे.

याच जोडीला ऐकू येणाऱ्या आणखी काही समजुती बघू. वज्रेश्वरी, उन्हवरे इथले गरम झरे: पाणी भेगांतून खोल मुरतं, तापतं, वर येतं; खाली लाव्हा नाही.

लोणार: ते उल्कापाताचं विवर आहे. आघाताशिवाय न बनणारी काच तिथल्या खडकात सापडली आणि १९७३ साली ‘सायन्स’मध्ये ते छापूनही आलं, तरी सहलीच्या बसमध्ये ‘ज्वालामुखीचं तोंड’ चालूच.

भारतात जागृत ज्वालामुखी नाहीच: आहे, अंदमानातलं बॅरन बेट. १९९१ साली दीर्घ विश्रांतीनंतर ते पुन्हा उफाळलं.

लाव्हा माणसांना गाठून मारतो: क्वचितच. जीव घेतात ते तापलेल्या राखेचे लोट, चिखलाचे पूर आणि वायू. आइसलंडमध्ये १७८३ साली लाकीच्या भेगा आठ महिने वाहत होत्या. विषारी वायूंनी गवत नासलं, निम्मी जनावरं गेली आणि मागून आलेल्या दुष्काळात देशातली सुमारे एक-पंचमांश माणसं मेली. दख्खनचा लाव्हा याच जातीचा, फक्त कैक पटींनी मोठा.

आपल्यापर्यंत ज्वालामुखी पोहोचलाच, तर हवेतून पोहोचतो. २३ नोव्हेंबर २०२५ रोजी इथिओपियातला हायली गुब्बी उफाळला आणि दुसऱ्याच दिवशी त्याची राख उत्तर भारतावर आली. विमानं रद्द करावी लागली. ही राख इंजिनात वितळून चिकटते, म्हणून वैमानिक तिच्या वाटेला जात नाहीत. जमिनीवरच्या माणसाला तिचा पत्ताही लागला नसता.

या अफवेची चीड येते ती यासाठी की खरा धोका तिच्याआड लपतो. भूकंप-धोक्याच्या नकाशावर किल्लारी तेव्हा सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होती, आणि तिथं सुमारे दहा हजार माणसं गेली. बहुतेक मेली ती जाडजूड दगडमातीच्या भिंती आणि वरच्या माळवदाखाली चेंगरून. २००२च्या सुधारित नकाशात सोलापूर मध्यम धोक्याच्या तिसऱ्या पट्ट्यात आहे, आणि माळवदाची घरं आपल्या गावांत अजून उभी आहेत. तेव्हा ज्वालामुखी कधी जागा होणार हे विचारण्यापेक्षा गवंड्याला विचारा: दारं-खिडक्यांच्या वर चारी भिंतींना जोडणारा सलग काँक्रीटचा पट्टा घातलाय का? घातला नसेल, तर नव्या बांधकामात तो घालून घ्या. आणि माळवदावर दरवर्षी चढवलेल्या मातीचा जादा भार या पावसाळ्याआधी उतरवा.