वजनकाटा, खारा आणि लघवीची गोळी

‘पंपिंग तीस टक्क्यांवर आलंय.’ हृदयाच्या टूडी इको तपासणीचा रिपोर्ट हाती पडला की घरात हे वाक्य फिरू लागतं. पण हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे. शरीराला लागेल तेवढं रक्त हृदयाला पुरवता येत नाही आणि पाणी पायांत, पोटात, फुफ्फुसांत साठतं. काहींचं पंपिंग ठीक असूनही हे होतं.

२०१३ मध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या १८ रुग्णालयांनी अशा १,२०५ रुग्णांची नोंद केली. त्यांचं सरासरी वय ६१ होतं. या वयाच्या माणसांची मुलं-सुना अजून नोकरीत असतात. पालघर जिल्ह्यातल्या बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत तर नोकरी म्हणजे पाळ्या. आज सकाळची, पुढच्या आठवड्यात रात्रीची. मग लक्ष ठेवायचं कुणी?

अमेरिकेतल्या परिचारिका-संशोधक बार्बरा रीगल यांनी या आजारातल्या स्व-काळजीचे तीन भाग मांडले: औषधं-पथ्य सांभाळणं, शरीरातले बदल टिपणं आणि बदल दिसताच पाऊल उचलणं. घरच्यांची मदत तिन्हींत लागते. मात्र सगळंच त्यांनी आपल्या हाती घेतलं की रुग्णाला स्वतःच्या शरीराची खबर राहत नाही. म्हणून वजनकाट्यावर उभं राहून आकडा वहीत त्यानेच लिहावा. पाळीवरून आलेल्याने वही उघडून बघावी.

वजन रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, चहापूर्वी. तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वाढ ही चरबी नसते, ते पाणी असतं. घोट्यावर सूज, आडवं होताच दम लागणं, एकाऐवजी दोन उशा मागणं, याही त्याच खुणा. त्या दिसल्या की डॉक्टरांना फोन करायचा.

पथ्यात सगळ्यात अवघड असतं ते मीठ. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम चमचाभर मीठ सांगते. १ जूनला मासेमारीबंदी लागली की सातपाटीच्या पट्ट्यात सुकी मासळी बाहेर निघते. नुसत्या उन्हात वाळवलेला बोंबील एक वेळ चालेल. मिठात मुरवलेला खारा, लोणचं, पापड नको. एकट्या आजोबांचं ताट अळणी ठेवलं तर ते चोरून लोणचं खाणारच. सगळ्यांच्याच कालवणात मीठ कमी करून लसूण, कोकम, लिंबू वाढवलं तर पथ्य टिकतं. बाजारातलं ‘लो सोडियम’ मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नये. त्यात पोटॅशियम असतं आणि हृदयाच्या काही औषधांसोबत ते रक्तात धोकादायक पातळीवर जाऊ शकतं.

पालघरला बाजारात किंवा लोकलने मुंबईला जायचं असलं की साठलेलं पाणी बाहेर काढणारी लघवीची गोळी मुद्दाम चुकवली जाते. वाटेत जाणार कुठे, हा प्रश्न खराच आहे. गोळीची वेळ थोडी पुढे-मागे करता येते का, हे तपासणीच्या दिवशी विचारून ठेवलं तर ती बुडत नाही. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली वेदनाशामक गोळीही शरीरात मीठ-पाणी धरून ठेवते.

बसल्या जागी श्वास पुरेना, छातीत दुखू लागलं किंवा शुद्ध हरपली, तर वहीत आकडे शोधत बसायचं नाही, थेट १०८ला फोन करायचा. हा नंबर शेजाऱ्यांनाही माहीत हवा, कारण मुलगा तेव्हा नेमका रात्रपाळीत असू शकतो.