मालक गेले, वैमानिक राहिले

१९९८ च्या डिसेंबरात, ऐन नाताळच्या तोंडावर, ‘फाल्कन ४.०’ नावाचा कॉम्प्युटर गेम अमेरिकेत विक्रीला आला. खोक्यात एक सीडी होती आणि सोबत सुमारे सहाशे पानांचं जाडजूड माहितीपुस्तक, तेही रिंग-बाइंडरमध्ये लावलेलं. आधी अभ्यासाला बसा, मग उडा, असा रोखठोक मामला. वर्षभरातच कंपनीने हा गेम बनवणाऱ्या चमूला घरी पाठवलं. हिशेबाच्या वहीत गेम तिथेच संपला. प्रत्यक्षात तो अजून चालू आहे, आणि मूळ गेमची ओळख पटणार नाही इतका सुधारलेला आहे. हे काम कोणा कंपनीने केलेलं नाही. दिवसभर आपापली नोकरी करून रात्री कॉम्प्युटरसमोर बसणाऱ्या हौशी मंडळींनी ते केलं आहे.

‘फाल्कन’ हे घराणं तसं जुनं. एफ-१६ या अमेरिकी लढाऊ विमानावर बेतलेला पहिला ‘फाल्कन’ १९८७ चा, तिसरा १९९१ चा. त्यामागची मुख्य व्यक्ती गिलमन लुई. त्यांची कंपनी स्पेक्ट्रम होलोबाइट. रशियात जन्मलेला ‘टेट्रिस’ अमेरिकेत नेणाऱ्यांतली हीच. पुढे तिने मायक्रोप्रोझ ही कंपनी घेतली आणि तेच नाव लावलं. १९९८ मध्ये मायक्रोप्रोझ हॅस्ब्रो या खेळणी बनवणाऱ्या बड्या कंपनीकडे गेली. लुई १९९९ मध्ये इन-क्यू-टेल या संस्थेचे पहिले प्रमुख झाले. सीआयएला उपयोगी पडेल अशा तंत्रज्ञानात पैसा गुंतवणं हे त्या संस्थेचं काम. लढाऊ विमानांचे गेम करणारा माणूस हेरखात्याच्या दारात पोचला, यावरून या गेमकडे किती गांभीर्याने पाहिलं जात होतं याचा अंदाज यावा.

आता मुळात गेममध्ये एवढं होतं काय? विमान तर होतंच. पण खरी कमाल होती त्यातल्या युद्धाची. बहुतेक गेममध्ये मोहिमा आधीच लिहून ठेवलेल्या असतात. पाचवी मोहीम फत्ते झाली की सहावी उघडते. ‘फाल्कन ४.०’ मध्ये असं काहीच लिहिलेलं नव्हतं. कोरियन द्वीपकल्पावर उत्तर आणि दक्षिण यांच्यात युद्ध पेटलंय आणि ते आपल्या गतीने चाललंय, एवढीच मांडणी. हजारो तुकड्या, रणगाड्यांचे ताफे, पूल, कारखाने, वीजकेंद्रं, धावपट्ट्या या सगळ्यांचा हिशेब कॉम्प्युटर सतत ठेवतो. तुम्ही सकाळी एक पूल पाडलात तर दुपारी त्यावरून जाणारी शत्रूची तुकडी अडकते आणि संध्याकाळी आघाडीवर तिची कमतरता भासते. तुम्ही उडालाच नाहीत, तरी युद्ध थांबत नाही.

१९९८ च्या घरगुती कॉम्प्युटरला हा भार झेपावा म्हणून निर्मात्यांनी एक युक्ती केली. खेळाडूच्या विमानाभोवती एक अदृश्य फुगा कल्पिला. या फुग्याच्या आत येणारी प्रत्येक गाडी, प्रत्येक तोफ, प्रत्येक विमान सुटंसुटं, बारकाव्यांसह जिवंत होतं. फुग्याबाहेरची लढाई नुसत्या आकड्यांवर चालते: अमुक तुकडी तमुक तुकडीला भिडली, इतकं नुकसान झालं. फुगा पुढे सरकला की आकड्यांची पुन्हा वाहनं होतात. आज चौथाई शतकानंतरही या मोहीमयंत्रणेच्या तोडीचं दुसरं काही झालेलं नाही, असं या क्षेत्रातले जाणकार छातीठोकपणे सांगतात, आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नाही.

अडचण एकच होती: गेम कच्चा होता. घाईघाईत बाजारात आणल्याने तो वारंवार बंद पडे. कंपनीने दुरुस्त्या दिल्या, शेवटची १.०८ ही दुरुस्ती १९९९ च्या डिसेंबरात, आणि त्याच महिन्यात कॅलिफोर्नियातल्या अलामेडाचा स्टुडिओ बंद केला. पुढे एप्रिल २००० मध्ये, परीक्षेचा पेपर फुटावा तसा, गेमचा मूळ सोर्स कोड इंटरनेटवर फुटला.

इथून गोष्टीला खरा रंग चढतो. कोड हाती नव्हता तेव्हाही हौशी मंडळी नुसत्या आकड्यांच्या फाइली उलगडून क्षेपणास्त्रांचे पल्ले, रडारची ताकद, विमानांची वजनं दुरुस्त करतच होती. ‘रिॲलिझम पॅच’ हा त्यातला गाजलेला प्रकल्प. कोड मिळाल्यावर तर अनेक गट उभे राहिले: सुपरपॅक, फ्रीफाल्कन, ओपनफाल्कन आणि बेंचमार्क सिम्स, म्हणजे आजचा ‘बीएमएस’. गट म्हटलं की भांडणं आलीच, तीही झाली. कोणाचं काम कोणी उचललं, कोणाला परवानगी होती, कोणाला नव्हती, यावर वर्षानुवर्षं वाद रंगले. मालकी दरम्यान हॅस्ब्रोकडून इन्फोग्राम्सकडे, म्हणजे पुढच्या अटारीकडे गेली. २००५ मध्ये ‘अलाइड फोर्स’ या नावाने एक अधिकृत सुधारित आवृत्तीही निघाली. पण टिकला तो बीएमएस. २०११ मध्ये त्यांची ४.३२ ही आवृत्ती आली आणि मरू घातलेल्या गेमने कात टाकली. नंतर आवृत्त्या येत राहिल्या, ४.३७ ने व्हीआर चष्म्याची सोय केली. सगळं फुकट. अट एकच: मूळ ‘फाल्कन ४.०’ ची विकत घेतलेली प्रत कॉम्प्युटरवर असली पाहिजे. २०२३ मध्ये पुनरुज्जीवित मायक्रोप्रोझने ‘फाल्कन’ चे हक्क परत मिळवले, आणि फिरून फिरून नाव मूळ घरी आलं.

ही माणसं नेमकं करतात काय, हे पाहायचं तर त्यांची एखादी उड्डाणाची संध्याकाळ पाहावी. संध्याकाळही आपापली, कोणाकडे पहाट असते, कोणाकडे मध्यरात्र. चार विमानांच्या तुकडीत चार देशांतले चौघे असू शकतात. आधी अर्धा तास ब्रीफिंग: लक्ष्य कोणतं, वाटेत विमानवेधी तोफा कुठे, लक्ष्यावर पोचायची वेळ किती वाजून किती सेकंद. मग प्रत्येक जण कॉकपिटमध्ये. विमान थंड, अंधारं. मुख्य वीजपुरवठ्याचं बटण, मग जेएफएस या छोट्या स्टार्टरचं बटण ‘स्टार्ट २’ वर. इंजिनाचे फेरे २० टक्क्यांवर पोचले की थ्रॉटल ‘आयडल’ वर आणायचं आणि तापमानाच्या काट्यावर नजर ठेवायची. त्यानंतर दिशादर्शक यंत्रणा जुळायला सुमारे आठ मिनिटं. गेम खेळायला बसलेला माणूस आठ मिनिटं जागच्या जागी उभ्या विमानात, एकेक बटण तपासत, मजेत बसून राहतो.

हवेत गेल्यावर कानावर पडते ती निराळीच भाषा. ‘बुल्सआय शून्य-चार-पाच, तीस, वीस हजार.’ बुल्सआय म्हणजे नकाशावरचा सर्वांनी आधीच ठरवून घेतलेला एक बिंदू. शत्रू त्या बिंदूपासून ईशान्येला, ३० सागरी मैलांवर, २० हजार फुटांवर आहे, एवढं सगळं या एका वाक्यात आलं. ‘फॉक्स थ्री’ म्हणजे स्वतःच्या रडारने लक्ष्य शोधणारं क्षेपणास्त्र सुटलं. ‘बिंगो’ म्हणजे आता फक्त घरी पोचण्यापुरतं इंधन उरलंय, गुमान परत फिरा. समोर येणाऱ्या शत्रूत आपल्या ओळखीचं एक विमानही असतं: उत्तर कोरियाचं मिग-२१. नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात ज्या जातीची विमानं वर्षानुवर्षं बांधली गेली, तेच हे. आपल्याकडे एफ-१६ म्हटलं की १९८३ पासून ते उडवणारं पाकिस्तान आठवतं. इथे मात्र ते आपल्या हातात असतं आणि मिग समोर! मराठी खेळाडूला ही उलटी बाजू पहिल्यांदा थोडी चमत्कारिक वाटल्याशिवाय राहत नाही.

नवख्याला सर्वांत आधी मिळतो तो सल्ला लढाईचा नसतो, नजरेचा असतो. शत्रूवरची नजर हटली की लढाई गेली. म्हणूनच डोकं वळवलं की पडद्यावरचं दृश्य वळवणारं यंत्र महागड्या जॉयस्टिकपेक्षा आधी घ्या, असं जुने लोक बजावतात. दुसरा सल्ला वेगाचा. नवखा माणूस दांडी पोटाशी ओढतो आणि ओढूनच धरतो. एफ-१६ चा संगणक विमानाला एका मर्यादेपलीकडे नाक वर उचलू देत नाही, त्यामुळे विमान पडत नाही, पण वेग भराभर उतरतो. साधारण ४०० नॉटच्या आसपास हे विमान सर्वांत चपळ वळतं. वेग २०० वर आला की तुम्ही हवेत टांगलेलं सावज. तेव्हा थोडी उंची मोडून वेग कमवायचा, मगच पुन्हा वळायचं.

क्षेपणास्त्र अंगावर आलं की घाबरून शेपूट दाखवून पळायचं नाही. क्षेपणास्त्राचं इंजिन काही सेकंदच जळतं, पुढचा प्रवास साठलेल्या वेगावर. ते दूर असतानाच त्याला आपल्या बरोबर बाजूला, काटकोनात आणायचं, खाली उतरायचं आणि धातूच्या पट्ट्यांचा फवारा सोडायचा. तुमच्या प्रत्येक वळणासरशी त्यालाही वळावं लागतं आणि त्याचा दम संपत जातो.

हवेतल्या हवेत इंधन भरणं हा सर्वांचा घाम काढणारा प्रकार. टँकर विमानाच्या नळीकडे बघितलंत की संपलं. हात आपोआप तिचा पाठलाग करतो आणि विमान झोके घेऊ लागतं. टँकरच्या पोटाखाली दिव्यांच्या दोन रांगा असतात, वर-खाली आणि पुढे-मागे काय करायचं ते सांगणाऱ्या. त्यांच्याकडे बघायचं, दांडी दोन बोटांत सैल धरायची आणि श्वास घ्यायला विसरायचं नाही. उतरतानाची गोष्टही अशीच. धावपट्टीला चाकं टेकल्यावर लगेच ब्रेक मारायचे नाहीत. नाक सुमारे १३ अंशांवर उचलून धरायचं आणि हवेलाच ब्रेक लावू द्यायचा. १५ च्या वर गेलात की शेपटाकडचा भाग जमिनीवर घासलाच म्हणून समजा.

हे सल्ले फुकट मिळतात, हीच या मंडळींची खरी संपत्ती. एखादा नवखा दहाव्यांदा धावपट्टीबाहेर घसरला तरी कोणीतरी शांतपणे त्याच्या शेजारी विमान उभं करतं आणि पुन्हा पहिल्यापासून सांगतं. कोणी बटणांच्या यादीचे तक्ते करतं, कोणी शेकडो पानांची माहितीपुस्तकं ताजी ठेवतं, कोणी बाल्कन किंवा इस्राएल अशी नवी रणांगणं बांधतं. मोबदला काय, तर पुढच्या आवृत्तीच्या टिपणात टोपणनाव.

दोष नाहीत असं नाही. डीसीएससारखे आजचे प्रतिस्पर्धी दिसायला जास्त देखणे आहेत. ‘फाल्कन’ ची वाट सुरुवातीला इतकी खडी आहे की अनेक जण इंजिन सुरू होण्याआधीच नाद सोडतात. आणि खुर्चीत बसून ९ जीचा दाब कळत नाही, मरणाची भीती तर नाहीच नाही. पडद्यावरच्या युद्धात माणसं आकड्यांनी मरतात, हे विसरून त्याला पराक्रम म्हणू नये. तरीही, कठीण गोष्ट सोपी करून विकण्याच्या काळात ती कठीणच ठेवून लोकांना शिकवत राहणारी ही जमात मला मोलाची वाटते.

कोणाला हात घालायचाच असेल तर मूळ ‘फाल्कन ४.०’ डिजिटल दुकानांत थोडक्या पैशांत मिळतो, त्यावर बीएमएस बसवावा. पहिला महिना एकही क्षेपणास्त्र सोडू नका. विमान सुरू करा, उडा, एक चक्कर मारा आणि उतरा. जो नीट उतरायला शिकला, त्याला बाकीचं शिकवायला माणसं आपणहून पुढे येतात.