कर्नाटकचा गुरू, पुण्याची पलटण: बी. सी. रमेश यांचं चढाईचं गणित काय आहे?

१ मार्च २०२४. हैदराबादच्या गच्चीबोवली इनडोअर स्टेडियममध्ये प्रो कबड्डी लीगच्या दहाव्या हंगामाची अंतिम लढत झाली. पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवलं आणि पुण्याच्या नावावर पहिलं विजेतेपद लागलं. संघ महाराष्ट्राचा, मैदान तेलंगणाचं आणि संघाच्या बाकावर बसलेले मुख्य प्रशिक्षक कर्नाटकचे, बी. सी. रमेश.

बीदरहून दोन-तीन तासांच्या वाटेवर हे सगळं घडलं. बीदर, भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या भागातल्या मराठी घरांत त्या रात्री पुण्यासाठी टाळ्या वाजवायच्या की कर्नाटकच्या प्रशिक्षकासाठी, असा प्रश्न पडायचं कारणच नव्हतं. दोन्ही आपलेच.

पण टीव्हीवर चढाईपटू दिसतो, प्रशिक्षक दिसत नाही. मग बाहेर बसलेला माणूस नेमकं करतो काय?

खेळाडू ते प्रशिक्षक

कबड्डीत कर्नाटकचं नाव जुनं आहे. २००० सालचा अर्जुन पुरस्कार कर्नाटकच्या सी. होन्नप्पा गौडा यांना मिळाला आणि त्याच्या पुढच्याच सालचा, म्हणजे २००१ चा, बी. सी. रमेश यांना. मैदान सोडल्यावर रमेश प्रशिक्षणात आले. प्रो कबड्डी लीग २०१४ मध्ये सुरू झाली, लिलाव आले, पुढे कोटीची बोली आली. या नव्या जमान्यात रमेश यांच्या नावाशी तीन वेगवेगळ्या संघांची विजेतेपदं जोडली गेली: बंगळुरू बुल्स (सहावा हंगाम), बंगाल वॉरियर्स (सातवा) आणि पुणेरी पलटण (दहावा). बंगळुरूत ते रणधीर सिंग यांच्यासोबत प्रशिक्षक चमूत होते. बंगाल आणि पुण्यात मुख्य जबाबदारी त्यांचीच होती.

आधी चढाईचा हिशेब

एका चढाईला ३० सेकंद मिळतात. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी ‘करा किंवा मरा’ची. तिच्यात गुण आला नाही तर चढाईपटू बाद. समोर सहा किंवा सात रक्षक असतील तरच बोनस रेषेचा गुण मिळतो. रक्षक तीन किंवा त्याहून कमी उरले असताना त्यांनी पकड केली तर त्यांना एक गुण जादा. आणि अख्खा संघ बाद झाला की लोण चढतो, प्रतिस्पर्ध्याला दोन गुण वरचे.

म्हणजे कोण, कधी, कुठल्या बाजूने आत जाणार, हे आधीच ठरवावं लागतं. पहिल्या दोन चढायांत धोका घ्यायचा की वेळ काढायचा? तिसऱ्या चढाईला मुख्य खेळाडू पाठवायचा की राखीव? मुख्य चढाईपटू तिथे सापडला तर तो बाहेर बसतो आणि आपल्या संघाने गुण मिळवेपर्यंत परत येत नाही. अख्खी चढाई एकाच्या जिवावर असेल तर तो बाहेर असताना संघाच्या हातात काही उरत नाही. चढाईच्या प्रशिक्षकाचं खरं काम हे बाहेर बसण्याचे क्षण सांभाळण्याचं आहे.

एक हिरो, की चौघांत वाटलेला भार?

रमेश यांच्या संघांचे अंतिम सामने शेजारी ठेवले की हे उमगतं.

५ जानेवारी २०१९ रोजी मुंबईत बंगळुरू बुल्सने गुजरातला ३८-३३ ने हरवलं. त्यात एकट्या पवन सेहरावतचे २२ गुण. हा एका हिरोचा विजय होता.

त्याच वर्षी १९ ऑक्टोबरला अहमदाबादेत उलट चित्र दिसलं. बंगाल वॉरियर्सचा कर्णधार आणि मुख्य चढाईपटू मनिंदर सिंग दुखापतीमुळे अंतिम सामन्यात उतरलाच नाही. समोर दबंग दिल्ली आणि तिचा नवीन कुमार. नवीनने त्या दिवशी १८ गुण मिळवले, तरी दिल्ली हरली. बंगालकडून इराणचा मोहम्मद नबीबक्ष याने १० गुण मिळवले, कर्नाटकच्या सुकेश हेगडेने त्याला साथ दिली आणि बंगालने सामना ३९-३४ असा घेतला. हिरो घरी बसला असतानाही संघ जिंकू शकतो, हे त्या रात्री सगळ्यांनी पाहिलं.

पुण्यात हेच सूत्र मोठ्या प्रमाणावर दिसलं. २०२२ मध्ये रमेश यांच्या हाताखाली पलटण पहिल्यांदा अंतिम फेरीत गेली. उपांत्य सामन्यात पंकज मोहितेने तमिळ थलायवाजविरुद्ध १६ गुण मिळवले. पण १७ डिसेंबरच्या अंतिम लढतीत अस्लम इनामदार आणि मोहित गोयत हे दोघेही दुखापतीमुळे नव्हते. जयपूर पिंक पँथर्सने सामना ३३-२९ असा नेला. भार वाटून घ्यायला माणसं असली तरी दोन बिनीचे चढाईपटू एकदम गेले की तुटवडा पडतोच.

पुढच्या हंगामात कर्णधारपद आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अस्लम इनामदारकडे होतं. २२ साखळी सामन्यांत १७ विजय, ३ बरोबरी आणि फक्त २ पराभव. ९६ गुणांसह पलटण अव्वल. आता गंमत बघा. त्या हंगामातल्या सर्वोत्तम चढाईपटूचा मान पुण्याकडे गेला नाही, तो दिल्लीच्या आशू मलिकला मिळाला. पुण्याकडे अस्लम, मोहित, पंकज आणि आकाश शिंदे असे चौघे होते आणि गुण त्यांच्यात वाटले गेले होते. एकाला अडवलं तर दुसरा आत. अंतिम सामन्यात पंकजची वेळ आली. एकाच चढाईत चार गुण घेत त्याने सामना पुण्याकडे झुकवला.

चढाई पकडीवर उभी राहते

या यशाची दुसरी बाजू बचावात आहे. बाद झालेला चढाईपटू परत आणायचा तर गुण लागतो आणि तो पकडीतूनही येतो. इराणच्या मोहम्मदरेझा शादलूईने दहाव्या हंगामात पकडीचे ९९ गुण मिळवले. त्याची प्रत्येक यशस्वी पकड म्हणजे बाहेर बसलेला एक साथीदार पुन्हा मैदानात. आपल्याकडच्या गावस्पर्धांत चढाईवाल्याला डोक्यावर घेतात आणि कोपऱ्यातल्या पोराकडे कुणी बघत नाही. पलटणचं विजेतेपद या सवयीला उत्तर आहे.

उतारही पाहिला

रमेश यांच्या कारकिर्दीत सगळं सरळ गेलं नाही. २०१९ च्या विजेतेपदानंतरच्या हंगामात बंगाल पहिल्या सहांतही आला नाही. पुण्यातही तेच. अकराव्या हंगामात शादलूई हरियाणाकडे गेला, अस्लम मध्येच जायबंदी झाला आणि गतविजेती पलटण बाद फेरीपर्यंत पोचली नाही. शादलूईचा हरियाणा मात्र त्या हंगामात विजेता ठरला. लिलावात घडी मोडते आणि प्रशिक्षकाला दरवेळी नव्याने बसवावी लागते.

२०२५ मध्ये रमेश पुन्हा बंगळुरू बुल्सकडे गेले. पुण्याची सूत्रं अजय ठाकूरकडे आली आणि अस्लमच्या नेतृत्वाखाली पलटण पुन्हा अंतिम फेरीत पोचली. दिल्लीने तिला ३१-२८ असं हरवलं, पण बसवलेली घडी प्रशिक्षक गेल्यावरही टिकू शकते, हे त्यातून दिसलं.

सीमाभागाला यातून काय?

१९५६ पूर्वी उदगीर, निलंगा, अहमदपूर बीदर जिल्ह्यातच होते. राज्यं बदलली, सोयरिकी तशाच राहिल्या. आज औरादचा मुलगा कर्नाटकच्या निवड चाचणीला जातो आणि उदगीरचा त्याचा मामेभाऊ महाराष्ट्राच्या. जिल्हा आणि राज्य संघापर्यंत ही रेघ पाळावीच लागते. लीगमध्ये ती पुसली जाते. पुण्याला कर्नाटकचा प्रशिक्षक चालतो, बंगालला कर्नाटकचा चढाईपटू चालतो, आणि सगळ्यांना इराणचे खेळाडू चालतात.

गावच्या संघाने यातून घेण्यासारखं एक काम अगदी बिनपैशाचं आहे. पुढच्या सामन्याला एका पोराच्या हातात वही द्या. कुणी किती चढाया केल्या, किती रिकाम्या गेल्या, तिसऱ्या चढाईला कोण गेला आणि तो बाद झाल्यावर कोण उभा राहिला, एवढंच लिहायला सांगा. पाच सामन्यांनंतर वहीत सगळीकडे एकच नाव दिसत असेल, तर त्या संघाचा दुसरा चढाईपटू अजून घडायचा आहे, आणि सरावाला तिथूनच सुरुवात करायची.