वीरांसाठी घरे

चिरोल खटल्यासाठी लोकमान्य टिळक विलायतेत पोहोचले ते १९१८ च्या ऑक्टोबरअखेरीस. दोन आठवड्यांच्या आत, ११ नोव्हेंबरला, महायुद्ध थांबले आणि सारे लंडन रस्त्यावर उतरले. खटला पुढे टिळक हरले. पण त्या मुक्कामात त्यांनी विजयाच्या कैफात असलेल्या सरकारपेक्षा दुबळ्या मजूर पक्षाशी संधान बांधले. त्या सरकारची पुढली चार वर्षे वाचताना टिळकांच्या नजरेचे मला फार कौतुक वाटते.

सरकार होते लॉइड जॉर्ज यांचे. पंतप्रधान उदारमतवादी आणि पाठीशी हुजूर पक्ष, असा हा संसार. डिसेंबर १९१८ च्या निवडणुकीत पसंतीच्या उमेदवारांना लॉइड जॉर्ज आणि हुजूर नेते बोनार लॉ यांच्या सहीचे पत्र मिळे. विरोधात गेलेल्या अॅस्क्विथ यांनी त्याला ‘कूपन’ म्हटले. शिधापत्रिकेवर साखर-लोणी घेणाऱ्या जनतेला विनोद लगेच कळला! आघाडी प्रचंड बहुमताने आली, अॅस्क्विथ स्वतःच पडले. मात्र सव्वातीनशेवर खासदार हुजुरांचे आणि लॉइड जॉर्ज यांचे स्वतःचे सव्वाशेच्या आसपास. घर एकाचे, कारभारी दुसराच. मजूर पक्षाला मिळाल्या ५७ जागा. तोच पक्ष १९२४ च्या जानेवारीत सत्तेवर आला. ते पाहायला टिळक नव्हते.

पहिले संकट आले ते जिंकलेल्या फौजेकडूनच. कारखान्यांना ज्यांची गरज, त्यांना आधी घरी सोडायचे असे ठरले होते. कागदावर शहाणपणाचे, पण अशी कुशल माणसे बहुधा शेवटीच भरती झालेली. चार वर्षे खंदकात काढलेला शिपाई तिथेच आणि काल आलेला घरी! जानेवारी १९१९ मध्ये फोकस्टनला सैनिकांनी बोटीवर चढायचे नाकारले. नवे युद्धमंत्री चर्चिल यांनी नियम फिरवला : जो आधी आला, तो आधी जाईल.

परतलेल्यांना राहायचे कुठे? वीरांना राहण्याजोगा देश घडवू, असे लॉइड जॉर्ज प्रचारात म्हणाले होते. आरोग्यमंत्री अॅडिसन यांनी १९१९ मध्ये घरबांधणीचा कायदा आणला. नगरपालिकांनी घरे बांधायची. ठरीव मर्यादेपलीकडचा तोटा सरकारी तिजोरीने सोसायचा. हेतू निर्मळ होता, यात मला शंका नाही. पण खर्च दुसऱ्याचा असला की हात आखडता घेतो कोण? त्यात गवंडी मिळेनात, विटा मिळेनात. एकेका घराची किंमत नऊशे पौंडांपर्यंत चढली. आश्वासन पाच लाख घरांचे. उभी राहिली दोन लाखांच्या आसपास.

एवढ्यात तेजी ओसरली. १९२१ च्या उन्हाळ्यात बेकार वीस लाखांवर गेले. युद्धापूर्वी साडेसहाशे कोट नव्हे, अवघे ६५ कोटी पौंड असलेले राष्ट्रीय कर्ज ७०० कोटींवर पोहोचले होते. ‘उधळपट्टी थांबवा’ अशी हाकाटी हुजूर गोटातून उठली आणि लॉइड जॉर्ज यांनी आपल्याच जुन्या सहकाऱ्याला, अॅडिसन यांना, वाऱ्यावर सोडले. पाठोपाठ शिक्षण आणि संरक्षणावरही काटकसरीची कुऱ्हाड पडली. मला वाटते, सरकारचा जीव खरा इथेच गेला.

भारतमंत्री माँटेग्यू यांचीही तीच गत. जालियनवाला बागेच्या डायरवर सरकारने ठपका ठेवला, तेव्हा १९२० च्या जुलैमध्ये सरकारच्याच हुजूर समर्थकांनी माँटेग्यूंना पार्लमेंटात धारेवर धरले. उमरावांच्या सभागृहाने तर १२९ विरुद्ध ८६ मतांनी डायरची कड घेतली! मार्च १९२२ मध्ये माँटेग्यूंना जावे लागले.

आयर्लंडशी डिसेंबर १९२१ मध्ये तह झाला. हुजुरांमधल्या कडव्यांना तोही झोंबला. मग पदव्यांच्या विक्रीचा गवगवा, आणि १९२२ च्या सप्टेंबरात तुर्कस्तानशी युद्ध पेटता पेटता राहिले. १९ ऑक्टोबरला कार्लटन क्लबात हुजूर खासदार जमले आणि त्यांनी मोठ्या बहुमताने आघाडी मोडली. लॉइड जॉर्ज यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. १९४५ पर्यंत जगले, पण मंत्रिपद पुन्हा मिळाले नाही.