हप्ता आधी, कर्ज मग
घरखर्चाचं गणित : लेखांक ७

जुलै उजाडला की नाशिकच्या कुठल्याही सरकारी बँकेत एका टेबलापुढे हमखास बाप-लेक किंवा माय-लेक बसलेली दिसतात. मांडीवर प्लॅस्टिकची फाईल, तिच्यात बारावीची गुणपत्रिका, सेतू केंद्रातून आणलेला उत्पन्नाचा दाखला, कॉलेजचं फी-पत्रक. कुणी सातबाराही घेऊन आलेलं असतं. पहिला प्रश्न बहुतेक ठरलेला: "साहेब, जास्तीत जास्त किती मिळेल?"

या प्रश्नापासूनच गाडी चुकीच्या वाटेला लागते, असं माझं स्पष्ट मत आहे. बँक देईल तेवढं घ्यायचं आणि फेडीचं पुढचं पुढे बघायचं, असं शैक्षणिक कर्जात करू नये. मूल नोकरीला लागल्यावर दर महिन्याला किती हप्ता ओढू शकेल, ते आधी ठरवावं. मग उलटं चालत कर्जाच्या आकड्यापाशी यावं.

कागद-पेन घ्या. अंबड किंवा सातपूरला नव्यानं लागलेल्या इंजिनिअरच्या हातात महिन्याला २५ हजार पडतात असं धरू. हा आकडा तुम्ही मुलाच्या शाखेप्रमाणे बदला, पण त्याच कॉलेजातून गेल्या वर्षी बाहेर पडलेल्या चार-पाच मुलांना विचारून बदला. माहितीपत्रकावर छापलेलं सगळ्यात मोठं पॅकेज एखाद्याच मुलाचं असतं. पगाराचा चौथा हिस्सा, म्हणजे ६,२५० रुपये, हप्त्याला गेला तर खोलीभाडं आणि डबा भागवून मूल तग धरेल. १० टक्के व्याज आणि दहा वर्षांची मुदत धरली तर एवढ्या हप्त्यात साधारण पावणेपाच लाख फिटतात.

पण ही पावणेपाच लाखांची रक्कम फेड सुरू होण्याच्या दिवशीची आहे. तो दिवस उजाडेपर्यंत पाच वर्षं गेलेली असतात, आणि बहुतेक घरं नेमकी इथेच गाफील राहतात. इंडियन बँक्स असोसिएशनच्या नमुना योजनेप्रमाणे, अभ्यासक्रमाची वर्षं आणि वर एक वर्ष हप्ता सुरू होत नाही. लोक म्हणतात, "शिकेपर्यंत काही भरायचं नाही." हप्ता नसतो हे खरं, पण व्याज पहिला चेक कॉलेजात पोचल्या दिवसापासून चालू असतं. या काळात ते सरळव्याजानं मोजतात, एवढाच दिलासा.

समजा चार वर्षांसाठी सहा लाख घेतले आणि दर वर्षाच्या सुरुवातीला दीड लाख उचलले. पहिल्या दीड लाखावर पाच वर्षांचं व्याज ७५ हजार, दुसऱ्यावर ६० हजार, मग ४५ आणि ३०. हे दोन लाख दहा हजार झाले. सहा लाखांचे आठ लाख दहा हजार झालेले असतात, तेही मुलाचा पहिला पगार होण्याआधी. दहा वर्षांच्या मुदतीत त्याचा हप्ता येतो सुमारे १०,७००. शिकतानाच व्याज भरत गेलं असतं तर हप्ता ७,९०० च्या आसपास राहिला असता. मुदत पंधरा वर्षांची केली की हप्ता ८,७०० वर उतरतो आणि जीव भांड्यात पडतो, पण एकूण परतफेड पावणेसोळा लाखांच्या जवळ जाते.

आता मघाच्या ६,२५० कडे पुन्हा या. व्याज साचू दिलं तर तेवढ्या हप्त्यात साडेतीन लाखांचंच कर्ज झेपतं. व्याज दरमहा भरलं तर पावणेपाच लाखांचं झेपतं. सहा लाखांच्या कर्जात पहिल्या वर्षी हे व्याज महिन्याला १,२५० रुपये असतं, दुसऱ्या वर्षी २,५००, चौथ्या वर्षी ५,०००. शिकत असताना व्याज भरणाऱ्याला दरात एक टक्क्यापर्यंत सवलत देण्याची मुभाही नमुना योजनेत आहे. शाखेत ती आपण होऊन विचारावी.

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षवाल्याला दरमहा भरणं जमत नाही, हे मला ठाऊक आहे. ऑक्टोबरच्या छाटणीपासून बाग नुसती पैसा खाते. पैसे दिसतात ते जानेवारी ते एप्रिलमध्ये, आणि तेही अवकाळीनं गाठलं नाही तर. अशा घरानं वर्षाचं व्याज माल गेल्यावर एकदम भरावं. बँक नाही म्हणत नाही. वैयक्तिक कर्ज बदलत्या व्याजदराचं असेल तर मुदतीआधी रक्कम भरण्यावर दंड लावायला रिझर्व्ह बँकेनं मनाई केलेली आहे.

कर्ज लहान करण्याची सगळ्यात मोठी संधी मात्र बँकेत नसते. ती प्रवेशाच्या वेळी असते. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. याच उत्पन्नमर्यादेतल्या पात्र मुलांना राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून निम्मं शिक्षण शुल्क मिळतं. अट अशी की प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून, झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून 'आवडतं' कॉलेज धरलं की हा हक्क जातो. एका कॉलेजच्या नावासाठी चार वर्षांची माफी सोडून दिलेली घरं मी पाहिली आहेत, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. शिष्यवृत्तीचा महाडीबीटी पोर्टलवरचा अर्ज दर वर्षी भरावा लागतो, हेही लक्षात असू द्या.

बँकेचे नियम थोडक्यात. चार लाखांपर्यंत तारण मागता येत नाही. साडेसात लाखांपर्यंत केंद्राच्या पतहमी निधीचं संरक्षण असतं, त्यामुळे तिथवरही शेत किंवा घर गहाण टाकायची वेळ येऊ नये. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळालेल्यांना विनातारण, विनाजामीन कर्ज आहे. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ता सुरू होण्याआधीच्या काळात तीन टक्के व्याजसवलतही आहे. ती वर्षाला एक लाख विद्यार्थ्यांपुरती आहे. तुमचं कॉलेज यादीत आहे का, ते फी भरण्याआधी बघा.

सहीबद्दल जरा जास्त बोलायला हवं. कर्जावर बाप किंवा आई सहकर्जदार असते. मुलाचा हप्ता थकला की दोघांचीही पत बिघडते, आणि पुढच्या हंगामात पीककर्ज मागायला गेलेल्या बापाला ते महागात पडू शकतं. म्हणून अटी मुलानं मोठ्यानं वाचाव्यात आणि आईबापांनी ऐकाव्यात. १९१३ साली बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करण्याचा करार त्यांनी केला होता. १९१७ साली ते करार पाळायला बडोद्याला गेलेही. पण अस्पृश्य म्हणून तिथे राहायला जागा मिळेना, आणि थोड्याच दिवसांत त्यांना ती नोकरी सोडावी लागली. इतक्या हिकमतीच्या माणसालाही सही करताना पुढचं सगळं दिसलं नव्हतं. १९२० मध्ये लंडनला परत जाताना त्यांनी स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून उसने घेतलेले पाच हजार, असं जुळवलं. आधी साठवलं, मग मदत घेतली आणि कमी पडलं तेवढंच उसनं काढलं.

माझ्या ओळखीच्या एका बागायतदारानं मुलीसाठी सहा लाखांचा अर्ज भरून ठेवला होता. कॅपमधून तिला शहरातलंच कॉलेज लागलं, फी माफ झाली. उरला तो वसतिगृहाचा, मेसचा आणि लॅपटॉपचा खर्च. फाईल घेऊन दोघं पुन्हा बँकेत गेले. त्या दिवशी साहेबांना पहिला प्रश्न लेकीनं विचारला: "दोन लाखांना महिन्याचं व्याज किती बसेल?"