कोपरे, कडा आणि कोटींची किंमत

अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांतून बेसबॉलपटूंची छोटी रंगीत कार्डे वाटली. संग्राहक या मालिकेला ‘टी२०६’ म्हणतात. तिच्यातले पिट्सबर्ग पायरेट्सच्या होनस वॅग्नरचे कार्ड छापणे लवकरच थांबले. आज त्याच्या जेमतेम पन्नास-साठ प्रती ज्ञात आहेत.

दुर्मीळ कार्डाचेही मोल त्याच्या अवस्थेवर ठरते. ग्रेडिंग कंपनीचे तज्ज्ञ ते भिंगाखाली तपासतात: चित्र नेमके मधोमध आहे का, कोपरे टोकदार आहेत का, कडा आणि पृष्ठभाग शाबूत आहेत का. मग १ ते १० मधला दर्जा देऊन कार्ड पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत सीलबंद होते. कडा कापून नीटनेटके केलेले कार्ड एरवी बाद ठरते. मात्र १९९१ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएसए’ या ग्रेडिंग कंपनीने दर्जा दिलेले पहिलेच कार्ड, ८ दर्जाचे वॅग्नर, तसेच निघाले. लिलावदार बिल मास्ट्रो यांनी २०१३ मध्ये त्याच्या कडा कापल्याची कबुली दिली. अनुभवी नजरही फसते, याचा याहून ठळक पुरावा या क्षेत्रात नाही.

तरी दर्जाचा आकडाच बाजार हलवतो. टॉप्स कंपनीच्या १९५२ च्या मालिकेतले बेसबॉलपटू मिकी मँटलचे ९.५ दर्जाचे कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला विकले गेले.